बोलीतली बोली: ब्रिजचे संकेत आणि भिडूशी ठरवायच्या गोष्टी

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव चालतो तेव्हा बोली सगळ्यांना ऐकू येते आणि आकडा फक्त वर सरकतो. जनावरांच्या बाजारातली जुनी रीत वेगळी. तिथे दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करायचे, शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नसे. ब्रिजच्या टेबलावरची बोली कांद्याच्या जातीची आहे. मेंढीकोटात भिडूकडे बघून भुवई उडवली की भांडण पेटतं. ब्रिजमध्ये भिडूला आपली पानं सांगायला मुभा आहे, पण ती ठरावीक शब्दांत, चौघांसमोर सांगायची. त्या शब्दांचा अर्थ समोरच्या जोडीने विचारला तर तोही सांगायचा.

ठरावीक शब्द म्हणजे किती? १ किलवरपासून ७ नोट्रम्पपर्यंत ३५ बोली, शिवाय पास, डबल (समोरच्यांचा करार दुप्पट दंडावर नेणं) आणि रिडबल (त्यावर आणखी दुप्पट). एकूण ३८. आणि एका खेळाडूला येऊ शकतील अशा १३ पानांच्या वेगवेगळ्या जुळण्या ६३ हजार ५०१ कोटींहून जास्त. एवढ्या पसाऱ्याला ३८ शब्द पुरवायचे तर काही शब्दांना ठरवून दुसरा अर्थ द्यावा लागतो. त्याला कन्व्हेन्शन म्हणतात, आपण इथे ‘संकेत’ म्हणू. साधं, नैसर्गिक २ किलवर म्हणजे ‘माझ्याकडे किलवर आहेत’. संकेतातलं २ किलवर म्हणजे भलतंच काहीतरी, आणि किलवर असतीलच असं नाही.

आता शब्दाला दुसरा अर्थ दिला की पहिला अर्थ हातचा जातो. प्रत्येक संकेताची ही किंमत असते, आणि बहुतेक जोड्या ती न विचारताच संकेत गोळा करत सुटतात. म्हणून पुढे प्रत्येक संकेताबरोबर आपण काय गमावतो तेही सांगितलं आहे.

लाडीस, मेंढीकोट किंवा जजमेंट खेळणाऱ्यांना हुकूम आणि उतारी समजावायला नको. फक्त दोन शब्दांचा घोळ टाळू. ‘हात’ म्हणजे जिंकलेली चार पानं, आणि वाटून आलेली १३ ती ‘पानं’. तसंच चित्रांची ताकद मोजायची ती ‘पॉइंट’मध्ये आणि डावाअखेर मिळतात ते ‘गुण’.

आधी हिशेब

रंगांचा चढता क्रम किलवर, चौकट, बदाम, इस्पिक आणि सगळ्यांवर नोट्रम्प, म्हणजे हुकूमच नाही असा करार (शेवटी टिकलेली बोली तो करार). बोलीतला आकडा सहाच्या वरचे हात सांगतो. ४ इस्पिक म्हणजे इस्पिक हुकूम धरून १० हात करण्याचा शब्द. किलवर-चौकट हे मायनर रंग, त्यांत प्रत्येक हाताला २० गुण. बदाम-इस्पिक हे मेजर, त्यांत ३०. नोट्रम्पमध्ये पहिल्या हाताला ४०, पुढच्या प्रत्येकाला ३०. बोललेल्या हातांचे गुण १०० झाले की गेम. गेमचं बक्षीस ३००, आणि तुमची बाजू त्या डावात व्हल्नरेबल, म्हणजे बक्षीस आणि दंड दोन्ही मोठे असलेली, असेल (ते पानं ठेवायच्या बोर्डवरच छापलेलं असतं) तर ५००. गेमपेक्षा कमी बोललात तर बक्षीस फक्त ५०.

समजा इस्पिक हुकूम धरून तुम्ही १० हात केले. बोली २ इस्पिकवर थांबली असेल तर १७० गुण. तेच १० हात ४ इस्पिक बोलून केले तर ४२०, व्हल्नरेबल असाल तर ६२०. पानं तीच, खेळही तोच, फरक फक्त बोलीचा. व्हल्नरेबल आणि स्लॅमच्या (१२ किंवा १३ हातांच्या करारांच्या) बक्षिसांसह हा हिशेब अमेरिकेच्या हॅरॉल्ड व्हँडरबिल्ट यांनी १९२५ साली एका बोटीच्या प्रवासात मांडला, आणि ब्रिजमध्ये बोली खेळाइतकीच मोठी झाली ती तेव्हापासून.

गेमला पोचायच्या वाटा तीन. ३ नोट्रम्प (९ हात), ४ बदाम किंवा ४ इस्पिक (१० हात), ५ किलवर किंवा ५ चौकट (११ हात). अकरा हात महाग पडतात, म्हणून पहिल्या दोन वाटा आधी तपासायच्या. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २, गुलामाला १ असे पॉइंट धरले तर गड्डीत ४० असतात. दोघांचे मिळून २५ असले तर ३ नोट्रम्प किंवा मेजरचा गेम बहुधा होतो. १२ हातांच्या छोट्या स्लॅमला ३३ लागतात, सगळ्या १३ हातांच्या मोठ्याला ३७. बोलीतले निम्म्याहून जास्त प्रश्न शेवटी या दोनच ठिकाणी येतात: आपले मिळून पॉइंट किती, आणि एखाद्या मेजरमध्ये आपली मिळून आठ पानं आहेत का.

पुढची उदाहरणं १५ ते १७ पॉइंटचा १ नोट्रम्प आणि पाच पानांवर उघडलेला मेजर ही पद्धत धरून आहेत. पहिली बोली देणं म्हणजे ‘उघडणं’, आणि ती देणारा ‘ओपनर’.

१ नोट्रम्प: एकाने सांगितलं, आता दुसऱ्याने ठरवायचं

१ नोट्रम्प उघडणाऱ्याने एका दमात दोन गोष्टी सांगून टाकल्या: १५ ते १७ पॉइंट, आणि समतोल पानं (४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२). त्याची माहिती संपली. भिडूला मात्र आपली पानं दिसतात आणि ओपनरचीही बरीचशी कळली आहेत, म्हणून आता सूत्रं भिडूकडे. त्याचं गणित सोपं: ७ पर्यंत असतील तर गेम नाही, ८-९ असतील तर विचारून बघायचं, १० असतील तर गेम.

बहुतेक जोड्या इथे एकच चूक करतात. १६ पॉइंटच्या ओपनरला आपली पानं फार आवडतात आणि भिडूने २ इस्पिकवर थांबायचं ठरवल्यावरही तो ३ म्हणतो. ते १६ पॉइंट पहिल्याच बोलीत मोजून झालेले आहेत. भिडूने ते धरूनच थांबायचं ठरवलं होतं.

स्टेमन हा इथला पहिला संकेत. १ नोट्रम्पवर भिडूचं २ किलवर म्हणजे प्रश्न: ‘तुझ्याकडे चार पानांचा मेजर आहे का?’ उत्तरं तीन. २ चौकट म्हणजे नाही. २ बदाम म्हणजे बदामाची चार, इस्पिकचीही चार असू शकतात. २ इस्पिक म्हणजे इस्पिकची चार, बदामाची नाहीत. संकेताला नाव सॅम स्टेमन यांचं, कारण १९४५ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला. मूळ कल्पना त्यांचे भिडू जॉर्ज रापे यांची. भिडूंनी यावरून भांडण काढलं नाही, हे लक्षात घ्यावं.

एवढा खटाटोप कशासाठी ते या पानांत दिसेल.

ओपनर: इस्पिक एक्का-राजा-७-४, बदाम ६-५, चौकट राजा-राणी-५-२, किलवर एक्का-१०-३
भिडू: इस्पिक राणी-गुलाम-८-३, बदाम ७-४, चौकट एक्का-गुलाम-६-३, किलवर राजा-८-२

पॉइंट १६ आणि ११, मिळून २७. ‘गेमचे पॉइंट आहेत’ म्हणून थेट ३ नोट्रम्प मारलं तर समोरच्यांकडे बदामाची नऊ पानं आहेत, वरून खालपर्यंत सगळी चित्रं त्यांचीच. ती ५-४ अशी वाटली गेली असली तरी पहिले पाच हात तिकडे, करार बुडाला. स्टेमनने १ नोट्रम्प, २ किलवर, २ इस्पिक, ४ इस्पिक अशी बोली होते. आता बदामाचे दोन आणि किलवरचा एक एवढेच हात जातात, तिसरा बदाम हुकुमाने मारता येतो. इस्पिकचे चार, चौकटचे चार, किलवरचे दोन, १० पुरे. दोघांची चार-चार पानं असली की समोरच्यांचे पाच हुकूम ३-२ असे फुटण्याची शक्यता सुमारे ६८ टक्के असते, हाही या फिटचा (मिळून आठ हुकुमांचा) भरवसा.

कुठे चुकतं? पहिली गोष्ट, ४-५ पॉइंटवर स्टेमन विचारायचा मोह. ओपनर २ चौकट म्हणतो आणि आता थांबायला जागा नसते. २ नोट्रम्प म्हणालात तर ती ८-९ पॉइंटची हाक (गेमला येतोस का, अशी विचारणा) ठरते. कमी पॉइंटवर स्टेमन चालतो तो एकाच आकारात: किलवर एखादंच किंवा नाहीच, आणि बाकी तिन्ही रंगांत चार-चार किंवा जास्त पानं. मग जे उत्तर येईल त्यावर मुकाट्याने पास. दुसरी गोष्ट, तुमच्याकडे इस्पिकची चार आहेत आणि ओपनर २ बदाम म्हणाला. तुम्ही ३ नोट्रम्प म्हणायचं. ज्या ओपनरकडे दोन्ही मेजर आहेत त्याने इथे झोपून राहू नये. बदाम नको असतानाही भिडूने स्टेमन विचारला, म्हणजे त्याच्याकडे इस्पिकची चार असणारच. ४ इस्पिक म्हणायला हवं. तिसरी, ४-३-३-३ आकाराच्या पानांवर स्टेमन शक्यतो नकोच. मारायला कुठलाच तुटका रंग नसल्यामुळे हुकुमाचा फायदा हाती लागत नाही आणि समोरच्यांना फुकट माहिती मिळते.

किंमत: किलवर लांब आणि पॉइंट नगण्य असताना २ किलवरवर थांबणं आता जमणार नाही. फार जड किंमत नव्हे, म्हणून हा संकेत जगभर चालतो.

ट्रान्सफर हा दुसरा. ओझवल्ड जॅकोबी यांनी १९५६ साली अमेरिकेत तो मांडला. १ नोट्रम्पवर भिडूचं २ चौकट म्हणजे ‘माझ्याकडे बदामाची पाच तरी आहेत, तू २ बदाम म्हण’. २ बदाम म्हणजे ‘इस्पिकची पाच, तू २ इस्पिक म्हण’. पॉइंट शून्य असले तरी चालतात.

स्वतःचा रंग स्वतः न बोलण्यात दोन फायदे. एक, करार ओपनर खेळतो, म्हणजे जास्त ताकदीची पानं झाकलेली राहतात आणि उतारी त्यांच्यापर्यंत शेवटी पोचते. ओपनरकडे किलवर राजा-४ असेल तर किलवरच्या उतारीवर उजवीकडच्याने एक्का टाकला की राजा पुढे हात करतो, नाही टाकला तर लगेच. तीच दोन पानं डमीत (करार खेळणाऱ्याच्या भिडूच्या, टेबलावर उघडून ठेवलेल्या पानांत) उघडी पडली तर उतारी त्यांच्यावरून जाते आणि मागे बसलेला एक्का राजाला गाठतो. दुसरा फायदा मोठा: भिडूला आणखी एक बोली मिळते. इस्पिक ७-४, बदाम राणी-१०-८-६-३, चौकट ९-५-२, किलवर ८-६-४ अशी गरीब पानं असली तर ट्रान्सफर करून २ बदामवर पास. ८-९ पॉइंट असतील तर त्यावर २ नोट्रम्प. १० किंवा जास्त असतील तर ३ नोट्रम्प, आणि ओपनरने बदामाची तीन पानं असली तर ४ बदाम करायचं. मेजर सहा पानांचा असेल तर ८ पॉइंटला ३ बदाम, १० ला सरळ ४. उलट बाजूने, ओपनरकडे बदामाची चार पानं आणि पूर्ण १७ पॉइंट असतील तर त्याने २ ऐवजी ३ बदाम म्हणून खुशी कळवायची.

किंमत: नैसर्गिक २ चौकट गेलं. आणि विसराळूपणाची किंमत वेगळी. ओपनर विसरून २ चौकटवर पास झाला तर तीन-दोन हुकुमांवर आठ हात करत बसायचं.

सगळ्यात जास्त गोंधळ मध्ये कोणी बोललं की होतो. भिडूने १ नोट्रम्प उघडला, उजवीकडच्याने २ किलवर म्हटलं, आता तुमचं २ चौकट ट्रान्सफर की नैसर्गिक? टेबलावर बसल्यावर हे ठरवता येत नाही. सोपी व्यवस्था अशी. त्यांनी डबल म्हटलं तर काही झालंच नाही असं समजून सगळे संकेत चालू. २ किलवर म्हटलं तर तुमचं डबल म्हणजे स्टेमन, बाकी सगळं आधीसारखं. २ चौकट किंवा वर गेले तर ट्रान्सफर बंद, बोली नैसर्गिक. याहून हुशार व्यवस्था आहेत, पण दोघांना रात्री अकराला, दमलेल्या डोक्याने आठवेल अशी ही आहे.

पास करता येतं की नाही

कोणताही संकेत शिकण्याआधी ठरायला हवी अशी एक गोष्ट आहे आणि नेमकी तीच राहून जाते. भिडूची कुठली बोली पास करता येते आणि कुठली नाही? पास करता न येणाऱ्या बोलीला फोर्सिंग म्हणतात. कसोटी अशी: ज्या बोलीने पॉइंटची वरची मर्यादा सांगितली ती पास करता येते. जिने सांगितली नाही ती करता येत नाही.

१ चौकटवर भिडू १ इस्पिक म्हणाला. त्याच्याकडे ६ पॉइंट असतील किंवा १६, बोलीत वरची मर्यादा नाही. ओपनरने पास केला तर कदाचित स्लॅम १ इस्पिकवर वाया गेला. ओपनर त्यावर १ नोट्रम्प म्हणाला तर ती १२ ते १४ ची बोली, मर्यादा आहे, भिडू पास करू शकतो. २ इस्पिक म्हणाला तर किमान पॉइंट आणि बहुधा इस्पिकची चार, तीही पास करता येते. अपवाद एक. भिडू आधी पास झाला असेल तर त्याच्याकडे उघडण्याइतके पॉइंट नाहीतच, म्हणून त्याची नवी बोली फोर्सिंग राहत नाही.

ठरवायची दुसरी गोष्ट १ इस्पिकवरच्या २ किलवरसारख्या बोलीची. जुन्या पद्धतीत ती १० पॉइंट सांगते आणि एक फेरी चालू ठेवते. ‘टू ओव्हर वन’ पद्धतीत ती गेमपर्यंत थांबायचं नाही असं सांगते. दुसरी पद्धत बड्या करारांना सोयीची, कारण सावकाश बोलता येतं. पण १० ते १२ च्या पानांना मग जागा उरत नाही, ती १ नोट्रम्पमध्ये कोंबावी लागतात. ते उत्तर ६ ते १२ असं पसरतं, आणि ओपनरला त्यावर सहसा पास करता येत नाही. १ नोट्रम्पवर थांबणं गमावलं, ही त्याची किंमत. दोन्हींतली कुठलीही घ्या, पण दोघांनी एकच घ्या. सोलापुरात एका दुकानात गिऱ्हाईक कन्नडमध्ये विचारतं, मालक तेलुगूत पोराला हाक मारतो आणि पैसे मराठीत मोजले जातात. ते चालतं, कारण प्रत्येकाला समोरच्याची भाषा थोडीफार कळते. ब्रिजमध्ये भिडू फक्त आपलीच भाषा समजतो आणि विचारायची सोय नाही.

डबलचे दोन अर्थ

डबलचा मूळ अर्थ ‘तुम्ही बुडणार, दंड दुप्पट’. पण १ बदामावर असं म्हणण्यात फारसा अर्थ नसतो, इतक्या खालचा करार क्वचितच जोरात बुडतो. म्हणून उजवीकडच्याने १ बदाम उघडल्यावर तुमचं डबल म्हणजे टेकआउट: ‘माझ्याकडे उघडण्याइतके पॉइंट आहेत, बदाम थोडे, बाकी तिन्ही चालतील, तू निवड.’ नमुना: इस्पिक राजा-गुलाम-७-४, बदाम ६, चौकट एक्का-राणी-८-३, किलवर राजा-१०-९-५. पॉइंट १३. भिडूने ० ते ८ वर सगळ्यांत स्वस्त बोली द्यायची, ९ ते ११ वर एक पायरी उडी मारून, त्यापुढे गेम.

इथे नवशिक्याचा हमखास अपघात: ‘माझ्याकडे शून्य आहे म्हणून पास केलं.’ शून्य आहे म्हणून तर बोलायचं! पास केलं की ते १ बदाम डबल खेळतात. करार पुरा झाला की त्यांना १६०, आणि वरच्या प्रत्येक हाताला १००, व्हल्नरेबल असतील तर २००. त्या डबलवर पास करायचा हक्क फक्त बदामाची पाच-सहा भरभक्कम पानं असणाऱ्याला.

किंमत उघड आहे. बदामाची पाच चांगली पानं आणि १४ पॉइंट घेऊन तुम्ही १ बदामाला डबल मारू शकत नाही, गप्प बसावं लागतं. ते जड जातं.

निगेटिव्ह डबल हा त्याचा धाकटा भाऊ. भिडूने १ चौकट उघडलं, मधल्याने १ इस्पिक म्हटलं, तुमच्याकडे बदामाची चार आणि ८ पॉइंट. २ बदाम म्हणायला पाच पानं आणि १० पॉइंट लागतात, मग डबल म्हणा, अर्थ ‘बदामाची चार’. अल्विन रॉथ यांनी १९५७ साली तो प्रचारात आणला आणि त्याच वर्षी आकाशात गेलेल्या उपग्रहावरून त्याला स्पुतनिक असंही म्हणू लागले. त्यांच्या इस्पिकला दंड करायची संधी गेली असं वाटतं, पण पूर्ण जात नाही. इस्पिकची पाच जबरी पानं असतील तर तुम्ही पास करा. इस्पिक कमी असलेल्या ओपनरने बोली परत आली की स्वतः डबल म्हणायचं, तुम्ही पुन्हा पास. ओपनरचं हे काम ठरलेलं नसेल तर निगेटिव्ह डबल घेऊच नका. आणि कुठल्या पायरीपर्यंत तो चालतो (२ इस्पिक? ३ इस्पिक?) ते आकड्यासह लिहून ठेवा.

ब्लॅकवूड, आणि तो केव्हा नको

ईझ्ली ब्लॅकवूड यांनी १९३३ मध्ये काढलेला हा संकेत बहुतेकांचा पहिला प्रेमविषय. ४ नोट्रम्प: ‘एक्के किती?’ ५ किलवर म्हणजे एकही नाही किंवा चारही, ५ चौकट एक, ५ बदाम दोन, ५ इस्पिक तीन. आजकाल हुकुमाचा राजा पाचवा एक्का धरून ‘की कार्ड’ विचारतात. एका पद्धतीत ५ किलवर ० किंवा ३, ५ चौकट १ किंवा ४, ५ बदाम २ किंवा ५ पण हुकुमाची राणी नाही, ५ इस्पिक २ किंवा ५ राणीसह. पहिल्या दोन उत्तरांची अदलाबदल करणारी पद्धतही तितकीच चालते, त्यामुळे ‘आपण की कार्ड खेळतो’ एवढं ठरवणं म्हणजे काहीच न ठरवणं.

ब्लॅकवूड स्लॅमला नेण्यासाठी नाही. पॉइंट आणि हुकूम स्लॅमचे आहेत हे आधी कळलेलं हवं. दोन एक्के कमी असताना वर जाऊ नये एवढ्यासाठी तो आहे. तीन प्रसंगी तो फसवतो. एखादा रंगच तुमच्याकडे नसेल तर भिडूचा एक्का त्याच रंगाचा निघू शकतो, तुम्हाला कामाचा नाही. एखाद्या रंगात तुमच्याकडे ७-२ अशी पानं असतील तर फक्त एक एक्का बाहेर असूनही त्या रंगाचे एक्का-राजा दोन्ही समोर असू शकतात. आणि किलवर हुकूम असेल तर ५ चौकट हे उत्तरच तुम्हाला ५ किलवरच्या पुढे ढकलतं. एक्के कमी आहेत हे कळलं, पण परतीचा रस्ता बंद.

शिवाय १ नोट्रम्पवर थेट ४ नोट्रम्प म्हणजे ब्लॅकवूड नव्हे. ती १६-१७ पॉइंटची हाक आहे: कमाल असतील तर ६ नोट्रम्प, नाहीतर पास. दोघांपैकी एकाला हे माहीत नसेल तर स्लॅम हमखास चुकतो.

वीक टूवर, म्हणजे कमी पॉइंटवर दोनाच्या पायरीने उघडायच्या संकेतावर, फार शब्द नकोत. २ इस्पिक म्हणजे सहा पानं, ६ ते १० पॉइंट, आणि पॉइंट बव्हंशी त्याच रंगात: इस्पिक राजा-राणी-१०-९-७-४, बदाम ८-३, चौकट राणी-६-२, किलवर ७-५. हेतू समोरच्यांची जागा खाण्याचा. भिडूकडे इस्पिकची तीन असतील तर मिळून नऊ, म्हणून ३ इस्पिक. चार असतील तर ४ इस्पिक. व्हल्नरेबल नसताना डबलमध्ये दोन हात बुडालात तर ३०० जातात, त्यांचा गेम ४२० चा असेल तर नफाच. व्हल्नरेबल असताना तेच ५००, म्हणजे घाटा. उघडणाऱ्याने नंतर स्वतःहून पुन्हा बोलायचं नाही. सगळी दणकट पानं आता २ किलवर या एकाच उघडायच्या बोलीत कोंबावी लागतात, ती याची किंमत.

उघड्यावरची बोली

संकेताची बोली दिली की अलर्ट (ही बोली संकेताची आहे, अशी समोरच्यांना सूचना) भिडूने द्यायचा, बोलणाऱ्याने नाही. समोरच्यांनी विचारलं तर अर्थही भिडूच सांगतो. त्याने चुकीचा सांगितला तर? तुम्ही चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही आणि त्याच्या स्पष्टीकरणावरून आपली पुढची बोली बदलायची नाही, जणू ते ऐकलंच नाही. करार तुमच्या बाजूने झाला तर शेवटच्या पासनंतर, उतारीच्या आधी चूक सांगायची. तुम्ही बचावाच्या बाजूला असाल तर खेळ संपल्यावरच, कारण आधी सांगितलं तर भिडूलाही कळतं. बोलायला लागलेला वेळ, ‘डब्बल!’ चा चढा आवाज, पास कार्ड आपटणं, यांतून कळलेलं काहीही भिडूने वापरायचं नाही. ते उपरण्याखालचं बोट.

जोडीचा सराव

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ब्रिजमध्ये भारताला सुवर्ण मिळालं ते पुरुषांच्या जोडीत, प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांना. जोडी तयार होते ती बोलीच्या सरावाने, आणि त्याला चौघं लागत नाहीत. मे महिन्याच्या दुपारी, बाहेर जाण्याची सोय नसते तेव्हा, दोघांनी एक गड्डी घ्यावी. एका बाजूला आधीच १५ ते १७ पॉइंटची समतोल १३ पानं लावायची, उरलेली पिसून दुसऱ्याला १३ द्यायची. न बोलता, कागदावर बोली लिहीत जायची आणि शेवटी पानं उघडून बघायचं. तासाभरात वीसेक डाव होतात. ब्रिज बेस ऑनलाइनवरही दोघांना फक्त बोलीचा सराव करता येतो.

गडबड झाली की टेबलावर वाद नको. वहीत बोली जशीच्या तशी लिहा आणि नंतर तिला तीनपैकी एका खान्यात टाका. ठरलं होतं पण एकजण विसरला. ठरलंच नव्हतं. ठरलं होतं, आठवलं होतं, पण अंदाज चुकला. पहिल्या खान्यात तोच संकेत तीनदा आला तर तो संकेत काढून टाका, कितीही सुंदर असला तरी. दुसऱ्या खान्यातल्या प्रत्येक ओळीला एक नियम लिहा. तिसऱ्या खान्यातलं सोडून द्या, पानं वाईट वाटली गेली याला इलाज नाही. नवा संकेत घ्यायचा तो जुना महिनाभर पहिल्या खान्यात आला नाही की मगच.

आणि ऐनवेळी अनोळखी भिडू मिळाला तर? दोन मिनिटांत पाच प्रश्न विचारा. १ नोट्रम्प किती ते किती? मेजर पाच पानांवर की चार? ट्रान्सफर आहे का, आणि त्यांनी डबल म्हटलं तर चालू की बंद? २ बदाम कमकुवत की दणकट? ४ नोट्रम्पला साधे एक्के की की कार्ड? यावर ‘आपल्याला काहीपण चालतंय की’ असं उत्तर आलं तर ते उत्तर धरू नका. एक बोली समोर ठेवून पुन्हा विचारा: ‘मी १ नोट्रम्प, उजवीकडून डबल, तुम्ही २ चौकट. मी काय समजू?’